हिस्टेरिकल!

इंग्रजीत 'हिस्टेरिकल' हे विशेषण दोन तऱ्हेने येतं. 'हिस्टेरिकल पॅरालिसिस' म्हणजे नसा शाबूत असूनही हातपाय लुळे पडणं, हा जुना वैद्यकीय अर्थ. आणि 'द जोक वॉज हिस्टेरिकल' म्हणजे हसून हसून पुरेवाट. मूळ ग्रीक शब्द 'हिस्टेरा', म्हणजे चक्क गर्भाशय. (हिस्टरेक्टॉमीतलं तेच!) गर्भाशय बिघडलं की बाईला झटके येतात, अशी समजूत.

आता गंमत बघा. १६०२ साली लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर नावाच्या १४ वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले. चेटूक केलं म्हणून एलिझाबेथ जॅक्सन नावाच्या म्हातारीवर खटला भरला. एडवर्ड जॉर्डन हा डॉक्टर कोर्टात म्हणाला, हे चेटूक नाही, आजार आहे. न्यायाधीशाने ऐकलं नाही, म्हातारीला वर्षाची कैद ठोठावली. जॉर्डनने १६०३ मध्ये या आजारावर पुस्तिकाच छापली. म्हणजे हे निदान तेव्हा एका बाईला वाचवायला पुढे आलं होतं राव!

पुढे पॅरिसमध्ये शार्कोने पुरुषांनाही हिस्टेरिया होतो हे दाखवलं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-३ मध्ये हिस्टेरिया हे स्वतंत्र निदान उरलं नाही. असा लुळेपणा 'कन्व्हर्जन डिसॉर्डर'मध्ये गेला.

विशेषण मात्र ठणठणीत आहे. मीटिंगमध्ये एखादी मुलगी जरा आवाज चढवून बोलली, की कोणीतरी 'डोन्ट बी हिस्टेरिकल' म्हणतोच. रिलीज का पुढे ढकलायला हवा हे ती सांगत असते, ते राहतं बाजूला.