मेर्लो नसलेली मेर्लो

मला वाईनमधलं फारसं कळत नाही, एक्सेल मात्र बरं कळतं. कामासाठी युरोपात राहायला आल्यावर पहिलं वर्षभर मी विकत घेतलेल्या प्रत्येक वाईनची नोंद ठेवली. देश, द्राक्षाची जात, किंमत आणि मला ती किती आवडली याचे दहापैकी गुण. गुणांना किमतीने भागलं की 'पैसा वसूल' आकडा मिळायचा. वर्षअखेरीस तक्ता लावला, तर वरच्या ओळींमध्ये चिलीची कार्मेनेर पुन्हा पुन्हा दिसत होती. बाटली सहा-सात युरोंची. बोर्दोच्या बाटल्यांना तिच्या तिप्पट पैसे मोजूनही मी कमी गुण दिले होते. माझी जीभ अडाणी आहे हे एक उत्तर झालंच. पण ही कार्मेनेर मूळची बोर्दोचीच, हे कळल्यावर मला दुसरं उत्तर शोधावंसं वाटलं.

सुरुवात भावापासून करू. १८५५ साली पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी बोर्दोच्या उत्तम लाल वाईनची पाच श्रेणींमध्ये यादी करण्यात आली. ती केली दलालांनी, आणि बाजारात कोणत्या मळ्याच्या वाईनला वर्षानुवर्षं काय भाव मिळतो याच्या आधारे. म्हणजे भावावरून श्रेणी ठरली आणि पुढे श्रेणीवरून भाव ठरत गेला. एक्सेलमध्ये असं स्वतःवरच अवलंबून असलेलं सूत्र लिहिलं तर ते लगेच तक्रार करतं. बाजाराने केली नाही. ती यादी आजही चालते. तिच्यात मोठा बदल एकदाच झाला, १९७३ साली, जेव्हा मूतों रोत्शिल्डला दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली.

यादी झाली त्या काळात बोर्दोच्या मेदोक भागात कार्मेनेर ही ओळखीची जात होती. त्याच सुमारास चिलीतल्या धनिकांना फ्रेंच पद्धतीच्या वाईनची हौस लागली होती. १८५१मध्ये सिल्व्हेस्त्रे ओचागाविया यांनी फ्रान्सहून वेली आणवल्या आणि त्यांच्यामागून इतरांनीही. कॅबर्ने, मेर्लो यांच्या काड्यांबरोबर कार्मेनेरच्या काड्याही समुद्र ओलांडून गेल्या.

मग १८६०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिणेत वेली वाळायला लागल्या. १८६८ साली मोंपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुळांवर एक बारीक पिवळसर कीड सापडली. तिचं नाव फिलॉक्सेरा. अमेरिकेहून आलेल्या वेलींबरोबर ती आली होती. अखेर उपायही अमेरिकेतूनच आला: कीड सहन करणाऱ्या अमेरिकी वेलीच्या मुळावर फ्रेंच वेलीचं कलम बांधायचं. मळे नव्याने लावायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्यांनी कोणती जात परवडते ते पाहिलं. कार्मेनेर लहरी. थंड, ओल्या वसंतात तिचा फुलोरा गळतो, फळ कमी धरतं, आणि ती पिकतेही उशिरा. तिच्या जागी मेर्लो आणि कॅबर्ने आल्या. बोर्दोत कार्मेनेर जवळपास संपली.

चिलीत मात्र फिलॉक्सेरा पोचलीच नाही. उत्तरेला आतामाकाचं वाळवंट, पूर्वेला अँडीज, पश्चिमेला प्रशांत महासागर आणि दक्षिणेला बर्फ. तिथली कार्मेनेर स्वतःच्या मुळांवर सुखाने वाढत राहिली. पण तिचं नाव हरवलं. ती मेर्लोच्या वेलींमध्ये मिसळून लावलेली होती, दिसायलाही तशीच होती, आणि पिढ्या उलटल्यावर सगळ्या मळ्याला मेर्लोच म्हणायला लागले.

आपल्याकडे देवगडच्या पेटीत दुसरीकडचा आंबा भरला, तर फसतो तो गिऱ्हाईक. आंब्याचं काही बिघडत नाही. इथे तसं नव्हतं. मेर्लोपेक्षा कार्मेनेर तीन-चार आठवडे उशिरा पिकते, आणि नाव मेर्लो असल्यामुळे तोडणी मेर्लोच्या वेळापत्रकाने व्हायची. म्हणजे मळ्यातली बरीचशी द्राक्षं कच्चीच टोपलीत जायची. कच्च्या कार्मेनेरमध्ये पायराझीन नावाची संयुगं भरपूर असतात, आणि त्यांचा वास सिमला मिरचीसारखा येतो. 'चिलीची मेर्लो जरा हिरवट लागते' असं म्हटलं जायचं, ते यामुळे. कोडमध्ये एखाद्या चलाला चुकीचं नाव दिलं की पुढचे सगळे त्याच्याशी चुकीचंच वागतात, आणि दोष शेवटी डेटाला लावतात. तसंच हे.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी मोंपेलिएचेच ज्याँ-मिशेल बूर्सिको चिलीतल्या माइपो खोऱ्यात कार्मेन या कंपनीच्या मळ्यात फिरत होते. वेलींच्या जाती ओळखणं हेच त्यांचं शास्त्र. फुलोऱ्याचा हंगाम होता. मेर्लो म्हणून दाखवलेल्या वेलीच्या फुलातले पुंकेसर त्यांना पिळवटलेले दिसले, आणि ही मेर्लो नाही, कार्मेनेर आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे डीएनए चाचण्यांनीही तेच दाखवलं.

चिलीच्या वाईनवाल्यांपुढे आता पेच होता. नव्वदच्या दशकात अमेरिकेत मेर्लो धडाक्यात खपत होती. कार्मेनेर हे नाव कुणाला माहीत नव्हतं. गप्प बसणं फायद्याचं होतं. सगळे लगेच बोलते झाले असं नाही. पण कार्मेनने पहिल्या बाटल्यांवर 'ग्रांद विद्युर' हे त्या जातीचं जुनं नाव छापलं, आणि हळूहळू कार्मेनेर हे नाव सरकारी कागदांवर आणि लेबलांवर आलं. मळ्यांमध्ये वेली वेगळ्या ओळखल्या जाऊ लागल्या, तोडणी पुढे गेली, मिरचीचा वास मागे हटला. आज जगातली सर्वाधिक कार्मेनेर चिलीत आहे.

२००४मध्ये बर्लिनला नावं झाकून चव घेण्याचा कार्यक्रम झाला. त्यात चिलीच्या विन्येदो चॅडविक आणि सेन्या या दोन वाईन पहिल्या-दुसऱ्या आल्या. बोर्दोची पहिल्या श्रेणीतली लाफीत तिसरी. आज विन्येदो चॅडविकच्या एका बाटलीला शेकडो युरो पडतात. नाव झालं, आणि ती माझ्या तक्त्यातून बाहेर गेली.

तक्ता करायला घेतला तेव्हा मला वाटायचं, नाव म्हणजे नुसती जाहिरात. शहाण्या गिऱ्हाइकाने ते झाकून चव पाहावी. आता तसं वाटत नाही. १८५५च्या यादीतलं नाव भाव सांगतं. ते झाकून पाहायला हरकत नाही. १९९४ साली परत मिळालेलं नाव मात्र ही वेल कधी तोडायची ते सांगतं. ते हरवलं होतं तोवर बोर्दोची एक जुनी जात शंभर वर्षं कच्चीच तोडली जात होती. मला सहा युरोंत मिळणारी चव त्या दुरुस्तीमुळे आली. स्वस्त ती आहे, कारण १८५५च्या यादीने बोर्दोला दिला तसा भाव तिच्या नावाला अजून चिकटलेला नाही.