घाटाचा शिरस्ता

दख्खनच्या पठाराची सपाटी जेथे संपते आणि सह्याद्रीचे अरण्य जेथे सुरू होते त्या सांध्यावर, मलप्रभेच्या काठी, खानापूर हा तालुक्याचा कसबा वसलेला आहे. याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेस कृष्णेकडे जाते आणि भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेस समुद्राची वाट धरते. मालाच्या आणि माणसांच्या वाटाही येथून अशाच दोन दिशांना फुटल्या. देशावरचे धान्य आणि गूळ घाटाखाली न्यावे, कोकणातले मीठ, नारळ आणि सुकी मासळी घाटावर आणावी, हा या मुलुखाचा पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार, आणि तो पार पाडायचा तर उतारावर भरले वाहन सांभाळण्याची विद्या अंगी असल्यावाचून गत्यंतर नव्हते. सपाटीवरच्या गावात गाडीवानाची कसोटी बैलांच्या चालीवर लागे. येथे ती थांबवण्याच्या ताकदीवर लागत असे. खानापूर प्रांती मोटार आली ती याच जुन्या विद्येवर येऊन बसली, आणि ती विद्या आजच्या वाहनधारकाच्या विस्मरणात चालली असल्यामुळे तिचा वृत्तांत थोडा मागून सांगणे आवश्यक वाटते.

बैलगाडीच्या काळी गाडी जुंपण्यापूर्वी ती पाहून घेण्याचा एक क्रम ठरलेला होता. आसाला वंगण पुरेसे आहे की नाही, चाकावरची लोखंडी धाव सैल झाली आहे काय, चाक निसटू नये म्हणून घातलेली कुणी शाबूत आहे काय, हे पाहिल्याशिवाय शहाणा गाडीवान घाटाचे तोंड धरीत नसे. कारण अर्ध्या घाटात चाक निखळले तर माल, बैल आणि माणूस या तिघांचाही निकाल एकदमच लागण्याचा संभव असे. उतारावर वेग आवरण्यासाठी गाडीमागे लाकडाचा ओंडका बांधून तो फरफटत नेण्याची युक्तीही त्यांना ठाऊक होती. अरुंद वाटेवर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने बाजूस व्हावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी, या रीतीमागे सरळ हिशेब होता: भरली गाडी चढावर एकदा थांबली की तीच बैलजोडी तिला पुन्हा हलवू शकेल याची शाश्वती नसते. ही रीत कोणा सरकारने लिहून दिलेली नव्हती. पुढे १९८९ साली देशाच्या वाहतूक नियमांत डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्या वाहनास अग्रक्रम देण्याचे कलम छापले गेले, तेव्हा कायद्याने घाटाच्या शिरस्त्यालाच मान्यता दिली असे म्हणावयास हरकत नाही.

इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदराकडे जाणारी रामघाटाची वाट आणि पुढे आंबोलीची पक्की सडक यांनी बेळगावचा व्यापार समुद्राशी जोडला, आणि १८८० च्या दशकात सुरू झालेल्या लोहमार्गाने लोंढे हे जंक्शन व मुरगाव हे बंदर यांची गाठ घालून दिली. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यात लोहमार्गाची चढण ३७ फुटांस १ फूट इतकी तीव्र आहे. तेथे उतरण्यापूर्वी गाडी थांबवून ब्रेक तपासायचे आणि जादा इंजिने जोडून वजन सावरायचे, ही रेल्वेची सक्त ताकीद. गाडीवानाने जे अनुभवाने जाणले होते तेच रेल्वेने नियमांच्या पुस्तकात बांधले: उतार लागल्यावर ब्रेकची परीक्षा घेणे म्हणजे ती फार उशिरा घेणे होय.

याच काळात बेळगावात यंत्राशी सलगी करणारा एक वर्ग उदयास येत होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेळगावात सायकलींचे दुकान थाटले. सायकल विकणे, ती चालवावयास शिकवणे आणि मोडली तर दुरुस्त करणे हे तिन्ही व्यवहार एकाच छपराखाली चालत. पुढे लोखंडी नांगराच्या कारखान्यासह त्यांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर स्थलांतर केले आणि किर्लोस्करवाडी वसवली हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु जो यंत्र विकतो त्याने ते वापरण्याचे आणि राखण्याचे शिक्षणही गिऱ्हाइकास द्यावे, हा त्या दुकानाचा धडा या प्रांतात आधी गिरवला गेला होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मोटार हे वाहन आरंभी कलेक्टर, लष्करी अंमलदार, संस्थानिक आणि मातबर व्यापारी यांच्यापुरतेच होते. तरीही सरकारास तिची धास्ती लवकर वाटू लागली असावी. कारण मुंबई इलाख्यात १९०४ सालीच मोटारींविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि १९१४ साली सबंध हिंदुस्थानसाठी पहिला मोटार वाहन कायदा मंजूर झाला. अठरा वर्षांखालील इसमाने सार्वजनिक रस्त्यावर मोटार हाकू नये, हाकणाऱ्याजवळ परवाना असावा, गाडीची नोंद व्हावी, बेदरकार हाकण्यास शिक्षा असावी आणि अपघात घडल्यास चालकाने थांबावे, एवढा त्याचा मुख्य मजकूर. पहिल्या महायुद्धानंतर खाजगी मोटार सर्व्हिसी सुरू झाल्या आणि उतारू मिळवण्याच्या चढाओढीत शिटा भरल्यावाचून गाडी न सोडणे, टपावर माल आणि पायरीवर माणसे लादणे, हे प्रकार सर्रास होऊ लागले. रस्त्यांची दुर्दशा पाहून बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९२८ मध्ये आपला अहवाल दिला, आणि पेट्रोलवर जादा कर बसवून त्यातून रस्त्यांसाठी निधी उभारण्याची तिची शिफारस १९२९ पासून अंमलात आली. १९३९ च्या नव्या कायद्याने भाड्याच्या गाडीस परमिट आणि योग्यतेचा दाखला बंधनकारक केला, चालकाने दिवसास नऊ आणि आठवड्यास चोपन्न तासांहून अधिक काम करू नये अशी मर्यादा घातली, आणि त्यातील विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाल्यावर रस्त्यावरच्या तिऱ्हाइताच्या जिवाची जबाबदारी प्रथमच गाडीमालकाच्या दफ्तरी नोंदवली गेली. गाडी 'पासिंगला' नेणे हा वाक्प्रयोग ड्रायव्हर-मालकांच्या बोलण्यात रुजला तो याच व्यवस्थेतून.

कायद्याच्या कलमांहून कठोर शिक्षक मात्र ते यंत्रच होते. हँडल मारून इंजिन सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा लागे, कारण इंजिनाने उलट झटका दिला तर मूठ मारून धरलेला अंगठा मोडलाच म्हणून समजावे. जुन्या गिअरबॉक्समध्ये दात जुळवण्याची सोय नसल्याने खालचा गिअर घालताना क्लच दोनदा दाबून मधे इंजिनाचा वेग वाढवावा लागे, आणि हे ज्यास साधत नसे त्याच्या हाती उतारावर ना गिअर राही ना गाडी. चढावर पाणी उकळू लागले की गाडी उभी करायची, चाकामागे क्लीनरने दगड लावायचा आणि रेडिएटरचे झाकण निववल्याशिवाय उघडायचे नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्यात आली. गाडीची ताकद घटली, प्रवासास निघण्यापूर्वी भट्टी पेटवून वारा घालण्याचे आणि राख व गाळणी साफ करण्याचे काम वाढले, आणि त्या धुरातील विषारी वायू बंदिस्त जागेत माणसाचा प्राण घेऊ शकतो हेही चालकांस ध्यानी ठेवावे लागले. अशा गाड्या हाकणारी माणसे देखभालीचे वेगळे शास्त्र शिकली नाहीत. हाकणे आणि राखणे ही त्यांच्या लेखी एकच विद्या होती. युद्धानंतर फौजेतून सुटून आलेले, लष्करी ट्रक हाकलेले जवान या वर्गात सामील झाले आणि निघण्यापूर्वी तेल, पाणी, हवा व दिवे क्रमाने तपासण्याची लष्करी शिस्त त्यांनी आपल्याबरोबर आणली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावच्या आसमंतात ती शिस्त मुरावी यात नवल नाही.

यानंतर राजकीय नकाशा बदलला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, आणि तोवर बेळगाव जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका कोल्हापुरास जोडला गेला. ज्या वाटेने कालपर्यंत एकाच इलाख्याची गाडी धावत होती तीवर आता दोन राज्यांची परमिटे लागू लागली. भाषेचा आणि भूभागाचा तो वाद येथे मांडण्याचे प्रयोजन नाही. वाहनधारकापुरते सांगायचे तर आजही निपाणी-बेळगावकडच्या एकाच भावकीत के.ए. २२, के.ए. २३ आणि एम.एच. ०९ अशा तीन क्रमांकांच्या गाड्या आढळतात, आणि एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिची नोंद बदलून घ्यावी लागते हा नियम सीमाभागाइतका दुसऱ्या कोणास क्वचितच जाचत असेल. पश्चिमेची सीमा तर अधिकच निराळी होती. गोव्यात पोर्तुगीज अंमल असताना १९२८ साली खुद्द पोर्तुगालने रस्त्याची उजवी बाजू स्वीकारली, परंतु गोव्याने शेजाऱ्याशी मिळते घेऊन डावीच बाजू राखली. त्यामुळे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर अनमोड घाट उतरून मोलेमला जाणाऱ्या चालकास कायदे नवे शिकावे लागले तरी बाजू बदलावी लागली नाही. पुढे याच वाटेस राष्ट्रीय महामार्ग ४ अ असा क्रमांक मिळाला; आज तो ७४८ आहे. खानापूरची कौले आणि विटा, लोंढ्याकडचे लाकूड, निपाणीचा तंबाखू हे सारे बैलगाडीवरून उतरून ट्रकवर चढले, आणि त्यांच्यामागोमाग बेळगावच्या उद्यमबागेत, कोल्हापुरात आणि हमरस्त्यावरच्या प्रत्येक फाट्यावर मिस्त्रींची दुकाने उभी राहिली. त्यांत शिकाऊ पोरगा प्रथम पाने पुसायला, मग ग्रीस भरायला आणि कित्येक वर्षांनी इंजिन खोलायला शिके.

१९८३ च्या डिसेंबरात मारुतीची छोटी मोटार बाजारात आली आणि हळूहळू मध्यमवर्गाच्या दारी वाहन उभे राहिले. या घटनेचे आर्थिक परिणाम पुष्कळांनी वर्णिले आहेत. मला महत्त्वाचा वाटतो तो एक निराळा परिणाम. हाकणारा आणि राखणारा यांची फारकत येथे झाली. क्लीनर गेला, हँडल गेले, कार्ब्युरेटर गेला, आणि झाकण उघडून पाहण्याचे कारणच उरले नाही. यंत्र इतके विश्वासू झाले की मालक त्यास विचारीनासा झाला.

नवे यंत्र निश्चितच अधिक सुरक्षित आहे. १९५९ साली व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन ठिकाणी बांधणारा आसनपट्टा रचला, तो आज प्रत्येक गाडीत आहे; चाके लॉक होऊ न देणारे ब्रेक आणि हवेच्या पिशव्या यांची गेल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने सक्ती झाली आहे. परंतु पट्टा न बांधता पिशवीच्या भरवशावर बसणाऱ्यास तीच पिशवी इजा करू शकते, आणि न लॉक होणारा ब्रेक स्टिअरिंग हाती राखून देत असला तरी खडीवर तो गाडी लवकर थांबवतोच असे नाही. जुन्या समजुतींपैकी एकीचा तर निकाल नव्या यंत्राने पूर्ण उलटा लावला आहे. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची खोड पुष्कळांस होती व आहे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअर घालून, अॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंधनाचा पुरवठा बव्हंशी बंदच होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राखण्यास ते खर्ची पडते. म्हणजे जो काटकसर समजून गिअर काढतो तो पैसाही गमावतो आणि इंजिनाचा आवरही. इंजिनच बंद केले तर ब्रेकचे साहाय्य दोन-चार दाबांत संपते आणि स्टिअरिंग जड होते. सतत ब्रेक दाबून उतरल्यास लायनर तापतात, आणि ब्रेकचे तेल वर्षानुवर्षे न बदललेले असेल तर त्याने हवेतून शोषलेले पाणी त्या उष्णतेने वाफ बनते व पेडल पायाखाली रिकामे जाते. चोर्ला घाटाच्या वळणावर या गोष्टीचा प्रथम अनुभव घेण्याची वेळ कोणावर येऊ नये.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडचे धुके, रस्त्यावर वाहून आलेला लाल चिखल आणि कुजलेला पाला, संध्याकाळी रानातून आडवे येणारे गवे, गळिताच्या हंगामात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली, ही या वाटेची आजची संकटे आहेत, आणि त्यांपैकी एकही गाडीच्या फलकावर दिवा लावून आगाऊ कळवीत नाही. गाडीवान, रेल्वेचा गार्ड, कोळशाच्या मोटारीचा ड्रायव्हर आणि फौजेतून आलेला सारथी या चौघांनी जे एकमुखाने पाळले ते आपणास कालबाह्य वाटावे असे काही घडलेले नाही: तपासणी निघण्यापूर्वी करावी आणि गिअर उतार लागण्यापूर्वी घालावा.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती आहे की मृगापूर्वी एकदा गाडी मिस्त्रीकडे न्यावी आणि तो काम करीत असता जवळ उभे राहून पाहावे. टायरची नक्षी कायद्याने ठरवलेल्या १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्याची वाट न पाहता टायर बदलावा, स्टेपनीतही हवा भरावी, वायपरचे रबर नवे घालावे, ब्रेकचे तेल शेवटचे केव्हा बदलले हे विचारावे, आणि मागच्या आसनावरच्या मंडळींसही पट्टा बांधावयास सांगावे. घाट चढून येणारी गाडी दिसली तर तिला वाट द्यावी. हा खर्चाचा आणि विद्वत्तेचा प्रश्न नाही. खानापूरच्या वाटेवर तो फार जुना शिरस्ता आहे आणि तो मोडण्याचा अधिकार नव्या मोटारीने आपल्याला दिलेला नाही.