एक आठवडा, सहा आठवडे, एक वर्ष

लखनौहून बोलतो आहे. इथे मोहान रोडवर डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ आहे. दृष्टिहीन, कर्णबधिर आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवणारे शिक्षक तिथे विशेष बी.एड. करतात. पण अशी बरीच मुले आज साध्या शाळेत, साध्या शिक्षकाच्या वर्गात बसतात. त्या शिक्षकाला कोणी तयार केले? आजचा विषय हाच.

दिव्यांग मुलाने शक्य तिथे सर्वांबरोबर शिकावे, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितले होते. १९७४ मध्ये केंद्राने अपंग एकात्म शिक्षण योजना आणली. मुलांना पुस्तके, प्रवासखर्च, साधने मिळू लागली. पण शाळेचा भार एकट्या विशेष शिक्षकावर पडला. बाकीचे शिक्षक म्हणायचे, "ते मूल त्यांचे."

१९८७ मध्ये एनसीईआरटी आणि युनिसेफ यांनी नवा प्रयोग केला. देशात दहा ठिकाणी एकेक विकासगट निवडला. त्यात महाराष्ट्रही होता. एखादी शाळा निवडण्याऐवजी त्या गटातल्या सगळ्याच शाळा हाती घेतल्या. प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरल्या. सर्व शिक्षकांना सुमारे एक आठवडा, त्यांतल्या काहींना सहा आठवडे आणि मोजक्यांना पूर्ण एक वर्ष.

फौजी माणसाला हे चटकन कळते. पलटणीत प्रत्येक जवान प्रथमोपचार शिकतो, काही जण नर्सिंगचे अधिक शिकतात आणि सर्जन मागे इस्पितळात असतो. जखमी जवानापाशी पहिला पोहोचतो तो शेजारचा जवान. वर्गातही तसेच आहे. मूल ओठ वाचते म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कमी दिसणाऱ्याला पुढे बसवावे, सूचना एका वेळी एकच द्यावी, हे रोजच्या शिक्षकालाच ठाऊक हवे.

पुढे कायद्यांनी दोन वाटा केल्या. १९९२ च्या कायद्याने विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेकडे गेले, तर १९९३ च्या कायद्याने साध्या शिक्षकांचे राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेकडे. दर्जा राखायला हे गरजेचे होते. पण मुले एका वर्गात आणि त्यांचे शिक्षक दोन वेगळ्या महाविद्यालयांत, अशी स्थिती झाली. २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, शाळेचे दार उघडले आणि ही फट जास्तच दिसू लागली.

मग उत्तर प्रदेशातले कंत्राटी विशेष शिक्षक सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करायला सांगितले. शाळेतल्या इतर शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांनाही सक्तीचे प्रशिक्षण द्या, असेही बजावले. २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवले. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक.

पदांची चर्चा पुष्कळ होते, ती व्हायलाच हवी. पण सर्वांसाठीचा तो एक आठवडा मागे पडू नये. तुमच्या गावच्या शाळेत पालकसभा असेल तेव्हा दोन प्रश्न विचारा. विशेष शिक्षक येतात का? आणि बाकीच्या शिक्षकांना काय शिकवले आहे? पहिल्याचे उत्तर कागदावर मिळेल. दुसऱ्याचे वर्गात बसून पाहावे लागेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.