खाडीच्या उत्तर काठावरचा मोडेम : माणिकपूर आणि डायल-अपचा हिशोब (१९९५–२००५)

#थ्रेड #इतिहास #वसई

१/ वसई म्हटले की इतिहासाच्या वाचकाला १७३९ आठवते, चिमाजी अप्पांची मोहीम आठवते, १८०२ चा तह आठवतो. त्याच वसईतील माणिकपूरच्या मध्यमवर्गीय घरांपुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस एक निराळाच प्रश्न उभा होता : घरच्या संगणकासाठी परवडेल असा मोडेम कोणता घ्यावा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. त्याच्या उत्तरात मात्र तांब्याची तार, सरकारी दरपत्रक आणि एका खाडीचा भूगोल असे तिन्ही घटक सामावलेले आहेत.

२/ आधी खाडीविषयी. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे राहिली आणि वसई मराठ्यांकडे परत आली. त्यामुळे वसईची खाडी ही दोन सत्तांमधील सीमा ठरली. दोन शतकांनंतर याच पाण्यावर दूरध्वनीची सीमा उभी होती. दक्षिणेस भाईंदरपर्यंत महानगर टेलिफोन निगमचा प्रदेश आणि ०२२ हा कोड. उत्तरेस दूरसंचार खात्याचा प्रदेश आणि ०२५० हा कोड. १ ऑक्टोबर २००० पासून दूरसंचार खात्याच्या सेवेची जागा भारत संचार निगमने घेतली, पण सीमा जागच्या जागी राहिली.

३/ माणिकपूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात, नवघर-माणिकपूर नगरपरिषदेच्या हद्दीत होते. (वसई-विरार महानगरपालिका २००९ ची, पालघर जिल्हा २०१४ चा.) वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वाड्या आणि नव्या इमारती शेजारी-शेजारी वाढत होत्या. सकाळी लोकलने मुंबईत नोकरीला जाणारा माणूस संध्याकाळी घरी परतला की मुंबईच्या दूरध्वनी-जाळ्याबाहेर पडत असे. मोडेमची निवड या वस्तुस्थितीपासून सुरू होते.

४/ मोडेम म्हणजे मॉड्युलेटर-डिमॉड्युलेटर. संगणकाची शून्य-एकची भाषा आवाजात बदलून दूरध्वनीच्या तारेवर सोडायची आणि पलीकडून आलेला आवाज पुन्हा शून्य-एकमध्ये उलगडायचा, एवढेच त्याचे काम. जोडणीच्या वेळी ऐकू येणारी ती परिचित खरखर म्हणजे दोन मोडेमांची वाटाघाट होय : ‘तार कशी आहे, कोणता वेग जमेल?’ १९८१ साली अमेरिकेतील हेज कंपनीने आणलेल्या ‘स्मार्टमोडेम’ने ‘एटी’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा रूढ केल्या. पुढची पंचवीस वर्षे जवळपास सर्व मोडेम तीच भाषा बोलत राहिले.

५/ वेगाची कल्पना येण्यासाठी एक तुलना. १९८९ मध्ये जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून अमेरिकेशी जी कायमस्वरूपी जोडणी झाली, तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. भारतातील विद्यापीठे आणि संशोधन संस्था यांची ई-मेल त्या एका वाटेने जाई. दहा-बारा वर्षांनी माणिकपूरच्या एका खोलीतील साधा मोडेम त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने चालत होता. वेग आला होता. त्याचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न शिल्लक होता.

६/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ५०० रुपयांचे खाते होते, पण त्यात केवळ अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. चित्रांसह जोडणी हवी असल्यास त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागत. सेवा मोठ्या शहरांपासून सुरू झाली. मुंबईत राहणाऱ्याला तो स्थानिक क्रमांक होता. माणिकपूरकराला तोच क्रमांक खाडीपलीकडचा होता.

७/ दूरध्वनीचे बिल तेव्हा ‘पल्स’वर चाले. ठराविक सेकंद संपले की मीटर एक आकडा पुढे जाई. परगावच्या कॉलला पल्स लवकर पडत. अनेक घरांत एसटीडीला सांकेतिक क्रमांकाचे कुलूप घातलेले असे. अशा घरात तासभर मुंबईशी जोडून बसणे ही चैन होती. म्हणून पहिल्या पर्वात खाडीच्या उत्तरेस मोडेम घेणारा माणूस केवळ यंत्र घेत नव्हता. तो दर महिन्याचे एक नवे देणे पत्करत होता.

८/ परिस्थिती बदलली ती दोन निर्णयांमुळे. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी मिळाली आणि सत्यम ऑनलाइनसारख्या सेवा आल्या. १७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवर स्थानिक दराने जोडणी करण्याची सोय हळूहळू पसरली. दुसरा निर्णय ट्रायचा. १ मे १९९९ पासून लागू झालेल्या दरआदेशानंतर स्थानिक कॉलचा पल्स ३ मिनिटांचा झाला आणि वरच्या टप्प्यात एका पल्सला १ रुपया २० पैसे पडू लागले.

९/ आता हिशोब मांडता येतो. एका तासात २० पल्स, म्हणजे २४ रुपये. महिन्याला १० तास वापर धरला तर २४० रुपये, वर्षाला २,८८० रुपये. यात इंटरनेट कंपनीला द्यायचे तासांचे पैसे धरलेले नाहीत. संगणकाच्या आत बसणारा साधा मोडेम नव्या शतकाच्या आरंभी याहून बराच स्वस्त मिळत होता. पहिल्या वर्षाचे दूरध्वनीचे बिलच यंत्राला मागे टाकत असे. ‘परवडणारा’ या शब्दाचा अर्थ या आकड्यांपाशी बदलतो.

१०/ खरेदीसाठी वाट ठरलेली होती. विरार फास्टने मुंबई सेंट्रल, तेथून स्लो लोकलने ग्रँट रोड आणि मग लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग. दुकानात दोन जातींचे मोडेम दिसत. एक आत बसणारा : हिरवे कार्ड, मदरबोर्डच्या खाचेत बसवायचे. दुसरा बाहेरचा : लहानशी पेटी, पुढे लुकलुकणारे दिवे, मागे सिरियल केबल आणि स्वतःचा वीज-अडॅप्टर. बाहेरच्या मोडेमची किंमत आतल्याच्या दुपटी-तिपटीने अधिक असे. यूएस रोबोटिक्स, मोटोरोला, डी-लिंक ही नावे तोंडी रुळलेली होती. यातील डी-लिंकच्या भारतीय कंपनीचा कारखाना तर गोव्यातील वेर्ण्यात होता.

११/ आतला मोडेम इतका स्वस्त का? कारण तो पूर्ण मोडेम नव्हता. आवाजाचे विश्लेषण, चुका शोधणे, माहिती आकसणे ही कामे खरे तर मोडेमवरच्या स्वतंत्र चिपने करायची. त्या चिपा काढून टाकून ही कामे संगणकाच्या प्रोसेसरवर सोपवली की कार्ड स्वस्त होते. अशांना ‘सॉफ्टमोडेम’ किंवा ‘विनमोडेम’ म्हणत. दुसरे नाव विंडोजवरून पडले, कारण बहुतेकांचे ड्रायव्हर केवळ विंडोजसाठी असत. लिनक्स शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते कार्ड बहुधा निरुपयोगी ठरे. प्रोसेसर दुर्बल असेल तर दुसरे काम उघडताच जोडणी डळमळे.

१२/ बाहेरच्या मोडेमलाही एक अट होती. जुन्या ४८६ संगणकांच्या सिरियल पोर्टवरील चिप एका वेळी एकच अक्षर साठवू शके. संगणक क्षणभर गुंतला की पुढचे अक्षर हरवे. ‘१६५५०’ जातीच्या चिपमध्ये सोळा अक्षरांची साठवण होती, त्यामुळे ही गळती थांबे. म्हणजे जुन्या यंत्राला वेगवान मोडेम जोडण्यापूर्वी पोर्टवर कोणती चिप आहे, हे पाहणे आवश्यक होते. महाग पेटी आणि जुने पोर्ट ही जोडी पैसे वाया घालवणारी होती.

१३/ मग वेगाचे युद्ध. १९९७ मध्ये ५६ किलोबिटचे दोन परस्परविरोधी मार्ग बाजारात आले : यूएस रोबोटिक्सचा ‘एक्स२’ आणि रॉकवेल-ल्युसेंट यांचा ‘के५६फ्लेक्स’. इंटरनेट कंपनीकडे दुसऱ्या पंथाचा मोडेम असला तर ग्राहकाला ५६ चा लाभ मिळत नसे. १९९८ मध्ये ‘व्ही.९०’ हे सामायिक मानक ठरले आणि हा तंटा मिटला. त्या काळात शहाणा ग्राहक डब्यावरील ५६ या आकड्याआधी ‘व्ही.९०’ ही अक्षरे शोधत असे.

१४/ तरीही माणिकपूरच्या पडद्यावर ५६ क्वचितच उमटे. व्ही.९० ची अट अशी की घर ते एक्स्चेंज एवढाच भाग तांब्याचा असावा आणि पुढचा सारा प्रवास डिजिटल असावा. मध्ये कोठेही आवाजाचे पुन्हा रूपांतर झाले की मोडेम निमूट ३३.६ वर उतरे. तांब्याची तार लांब असली, वाडीच्या कडेने खांबावरून आली असली, तिला चार जागी जोड असले की वेग आणखी घटे. वरच्या दिशेचा, म्हणजे पाठवण्याचा वेग तर मानकातच ३३.६ पर्यंत होता. तार वाईट असेल तर महाग मोडेमही ती चांगली करू शकत नव्हता. फक्त ती अधिक चिवटपणे धरून ठेवू शकत होता.

१५/ या चिवटपणाची किंमत काढून पाहू. ५ मेगाबाइटची एक फाइल. आदर्श स्थितीत ४५ किलोबिट वेगाने सुमारे १५ मिनिटे लागतात : ५ पल्स, ६ रुपये. २८.८ वेगाने सुमारे २३ मिनिटे : ८ पल्स, ९ रुपये ६० पैसे. फरक साडेतीन रुपयांचा आहे, म्हणजे किरकोळ. परंतु विसाव्या मिनिटाला जोडणी तुटली आणि फाइल पहिल्यापासून उतरवावी लागली तर ७ पल्स फुकट गेले. वेगापेक्षा तुटण्याचा भुर्दंड मोठा होता.

१६/ काही उपाय मात्र फुकट होते. परदेशी घडणीचा मोडेम आपल्याकडचा डायल टोन ओळखत नसे आणि ‘डायल टोन नाही’ असे सांगून थांबे. अशा वेळी ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली की तो टोनची वाट न पाहता क्रमांक फिरवी. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर टोनऐवजी पल्स डायलिंग निवडावे लागे. घरातील समांतर फोन काढून ठेवला की खरखर कमी होई. मोडेम वाईट म्हणून परत करण्याआधी ही तीन कामे केली, तर अनेकदा तोच मोडेम चांगला ठरे.

१७/ शेवटचे दोन परीक्षक निसर्ग आणि वीजमंडळ. पावसाळ्यात तारेच्या जोडांत पाणी शिरे आणि आषाढात जोडणी वरचेवर तुटे. गडगडाटात तारेतून आलेला झटका आतल्या कार्डावाटे मदरबोर्डपर्यंत पोहोचण्याचा धोका असे. बाहेरची पेटी बळी गेली तरी संगणक वाचण्याची शक्यता अधिक. येथेही खाडीने भेद केला होता. मुंबईला भारनियमनाची झळ फारशी नव्हती. वसई राज्य वीज मंडळाच्या जाळ्यावर होती आणि तेथे वीज जाणे नेमाचे होते. दिवे गेले की उतरत असलेली फाइलही जाई, पडलेले पल्स बिलात राहत.

१८/ मग परवडणारा मोडेम कोणता? एकच उत्तर नव्हते. नवा पेंटियम, विंडोज, एक्स्चेंजजवळची स्वच्छ तार आणि केवळ ई-मेलपुरता वापर असेल, तर आतले स्वस्त कार्ड योग्यच होते. संगणक जुना असेल, लिनक्स शिकायचे असेल किंवा तार वाडीतून लांबून येत असेल, तर बाहेरचा महाग मोडेम कालांतराने स्वस्त पडे. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्या माणसाचे पत्र आठवड्यातून दोनदा उतरवायचे, एवढीच ज्या घराची गरज होती, त्याने वेगावर पैसे घालण्याचे कारण नव्हते. पत्र जोडणीबाहेर लिहून ठेवायचे आणि दोन मिनिटांत पाठवून फोन ठेवायचा, हा एका पल्सचा शहाणपणा अनेक घरांनी स्वतःच शोधून काढला.

१९/ १४ जानेवारी २००५ रोजी भारत संचार निगमने ‘डेटावन’ ब्रॉडबँड सेवा आणली. तार तीच तांब्याची. पण आता एकाच वेळी बोलता येई, आणि पल्सची टकटक थांबली. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरवली होती. ती सेवा जिथे पोहोचली तेथे डायल-अप मोडेम काही वर्षांतच माळ्यावर गेला.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या गोष्टीतून काय घ्यावे? तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो : १९८१, १९९५, १९९८. त्या तारखा खऱ्या आहेत, परंतु एकच तारीख खाडीच्या दोन काठांवर एकाच दिवशी उगवत नाही. १९९५ साली मुंबईत आलेले इंटरनेट माणिकपूरच्या घराला परवडू लागले ते स्थानिक दर आल्यानंतर. मधल्या वर्षांचा इतिहास कोणत्याही उद्घाटनाच्या बातमीत सापडत नाही. तो दूरध्वनीच्या बिलांत आहे, लॅमिंग्टन रोडच्या पावत्यांत आहे, ड्रायव्हरच्या सीडींवर हाताने लिहिलेल्या क्रमांकांत आहे. हे कागद अजून अनेक घरांत आहेत आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्यांतील काही रद्दीत जातात. पुढच्या वेळी माळा आवरताना ते बिल टाकण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावे, तारीख वाचावी, पल्स मोजावेत आणि मग फाइलमध्ये लावून ठेवावे.