तपासणाऱ्यांची तपासणी

चंद्रपूरजवळून वाहणारी इरई नदी वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, कागद कारखाना या पाण्याच्या वरच्या अंगाला. गडचिरोलीच्या जंगलातली गावे खालच्या अंगाला. पाणी कितपत बिघडले आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेच्या आकड्यावर विसंबावे लागते. तो आकडा खरा कशावरून?

घाणीच्या एका मापापासून सुरुवात करू. पाण्यातले जीवाणू घाण कुजवताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. नमुना बंद बाटलीत ठराविक तापमानाला काही दिवस ठेवायचा आणि किती प्राणवायू संपला ते मोजायचे. प्रयोगशाळेतली मंडळी याला बीओडी म्हणतात. इंग्लंडमध्ये १८९८ साली सांडपाण्याच्या प्रश्नासाठी शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ सालच्या अहवालाने पाच दिवसांची कसोटी रूढ केली. तापमान होते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १८ अंश सेल्सिअस. पुढे ते २० अंश ठरले. इंग्लंडच्या उन्हाळ्याला हे शोभते, पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात २० अंश टिकवणे म्हणजे यंत्राची परीक्षाच! भारतीय मानकाने १९९३ साली तीन दिवस आणि २७ अंश ही पद्धत दिली, ते आपल्या हवामानाला धरून झाले. अहवालावर नुसते 'बीओडी' लिहिलेले असेल, तर 'किती दिवस, किती अंश' हे विचारायला विद्यार्थ्यांना जरूर शिकवावे.

कायद्याने या आकड्याची काळजी वेगळ्या बाजूने घेतली. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्राचा १९७४ चा कायदा राज्यात १९८१ पासून लागू झाला. नमुना कारखान्याच्या माणसासमोर घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, बाटल्यांवर मोहर आणि दोघांच्या सह्या, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे दोन पक्ष एकमेकांवर अविश्वास दाखवतील हे कायद्याने गृहीतच धरले. मोहर बाहेरच्या हाताला अडवते. प्रयोगशाळेच्या आतल्या सवयींना ती अडवू शकत नाही.

त्या सवयींकडे बघण्याची रीत कारखान्यांतून आली. अमेरिकेत टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या एका कंपनीतले वॉल्टर श्यूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी आपल्या वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले. त्यात एक आलेख होता. मोजमापात थोडा चढउतार असायचाच. तो कोणत्या मर्यादेत स्वाभाविक आणि कुठून पुढे कारण शोधायला हवे, हे त्या आलेखावरून कळे. आज प्रयोगशाळा हेच करतात. बीओडीसाठी ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी १५० मि.ग्रॅ. एका लिटरमध्ये विरघळवून तपासतात. पाच दिवसांच्या पद्धतीने उत्तर १९८ च्या आसपास यावे, पण तीसेक इकडे तिकडे झाले तरी ते मान्य असते. एवढी सैल मर्यादा पाहून शिक्षकांना आश्चर्य वाटेल. पण जीवाणूंकडून काम करून घ्यायचे तर इतकी मोकळीक द्यावीच लागते.

प्रयोगशाळांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९७८ साली आली आणि १९९९ मध्ये तिच्या जागी आयएसओ १७०२५ हे मानक आले. 'अंतर्गत तपासणी' म्हणजे आपल्याच माणसांनी आपलेच काम ठरल्या वेळी तपासणे, ही अपेक्षा त्यात आहे. शक्यतो स्वतःचे काम स्वतः तपासू नये. चार माणसांच्या प्रयोगशाळेत मग हवा विभागातला पाणी विभागाच्या वह्या बघतो.

चंद्रपूरला आकड्याचे वजन २००९ साली कळले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ८८ औद्योगिक क्षेत्रांचा निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथे आले. सत्तरच्या वरची ४३ क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली आणि जानेवारी २०१० मध्ये तिथल्या नव्या प्रकल्पांची परवानगी थांबली. कुणाचा रोजगार आणि कुणाचा श्वास अशा आकड्यांवर अवलंबून असतो. (दशांशचिन्हापुढची दोन स्थळे पाहून मात्र आम्हाला नेहमी थोडे हसू येते.)

अशाच एका प्रयोगशाळेच्या अंतर्गत तपासणीत आम्ही होतो. तिचे नाव सांगत नाही. उष्मायन पेटीच्या तापमानाची वही अगदी नीटनेटकी होती. मे महिन्याच्या एकतीसही दिवशी २७.०. सुरुवातीला आम्ही ती शाबासकी देऊन बाजूला ठेवली. मग कुणीतरी वीज खंडित झाल्याची वही शेजारी ठेवली. त्या महिन्यात नऊ दुपारी वीज नव्हती. बाहेर पंचेचाळीस अंश आणि पेटीत जराही फरक नाही?

नोंद करणारा मदतनीस घाबरला. तो लबाड नव्हता. सकाळी दहाला पारा बघायचा, असे त्याला सांगितलेले होते आणि तो बघत होता. दहाला वीज असे. शिवाय छापील तक्त्यात '२७.०' आधीच लिहिलेले होते आणि पुढे फक्त सही करायची होती! तक्ता आमच्यासारख्याच कुणा शहाण्याने बनवला होता. दोष माणसावर ढकलून आम्ही उठलो असतो, तर पुढच्या मेमध्ये दुसऱ्या मदतनिसाने तीच सही केली असती.

पेटी तापली की जीवाणू जोरात काम करतात आणि बीओडी जास्त दिसते. म्हणजे त्या दिवसांत कुणाच्या तरी सांडपाण्यावर नाहक ठपका आला असण्याची शक्यता होती. पेटी जास्त थंड झाली असती, तर घाण पाणी चांगले ठरले असते. त्या नऊ दिवसांत पेटीत असलेल्या बाटल्यांची यादी काढली. अहवाल केव्हाच रवाना झाले होते. ज्यांना ते गेले त्यांना कळवायचे की नाही, यावर दोन बैठका झाल्या. 'आपणच आपली चूक का सांगावी' हा सूर मोठा होता. शेवटी पत्रे गेली. काही नमुने पुन्हा घेतले. तक्त्यातला छापील आकडा काढला आणि पेटीत किमान-कमाल तापमापक बसवला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच मदतनिसाने वहीत ३१.५ लिहिले आणि त्या दिवशीच्या बाटल्या स्वतःहून बाजूला काढून ठेवल्या.