ब्राउझरची सद्दी आणि जुन्या आवृत्त्यांचा धोका

संकेतस्थळे उघडून वाचण्याचे साधन म्हणजे ब्राउझर. मराठीत त्यास ‘न्याहाळक’ असाही प्रतिशब्द आहे. या क्षेत्रात कोणाचीही सद्दी कायम टिकलेली नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९९३ मध्ये तयार झालेल्या ‘मोझॅक’ला पुढच्याच वर्षी आलेल्या ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ने मागे टाकले. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘इंटरनेट एक्सप्लोरर’ आला. पुढे तो विंडोजसोबतच मिळू लागल्याने नेटस्केपची पीछेहाट झाली.

एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली. तेव्हा जगातील दहापैकी सुमारे नऊ वापरकर्ते एक्सप्लोररच वापरीत. तुल्यबळ स्पर्धक न उरल्याने सातव्या आवृत्तीसाठी ऑक्टोबर २००६ उजाडले. दरम्यान अनेक बँका आणि सरकारी कार्यालयांनी आपली संकेतस्थळे याच ब्राउझरच्या मापाने बेतली.

मराठी वाचकांनाही याची झळ बसली. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक वृत्तपत्रे स्वतंत्र फॉन्ट वापरीत आणि पानाबरोबर तो वाचकाच्या संगणकावर पाठवीत. त्यासाठीचे प्रचलित तंत्र फक्त एक्सप्लोररला उमगत असे. अन्य ब्राउझरमध्ये मराठी मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसे. वृत्तपत्राची छापील प्रत जेथे पोहोचत नसे, तेथील वाचकाला त्यामुळे बातमीसाठी एकाच कंपनीच्या ब्राउझरवर विसंबावे लागे. फायरफॉक्ससाठी निघालेल्या ‘पद्म’ या जोडप्रणालीने असा मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची सोय केली. खरा तोडगा मात्र युनिकोडच्या स्वीकारानेच निघाला.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘फायरफॉक्स १.०’ आणि सप्टेंबर २००८ मध्ये गूगलचा ‘क्रोम’ आला. स्टॅटकाउंटरच्या मोजणीनुसार २०१२ मध्ये क्रोमने एक्सप्लोररला मागे टाकले. तरीही जुनी आवृत्ती अनेक कार्यालयांतून हटेना. कारण तेथील कामकाजाच्या प्रणाली तिच्याशिवाय चालत नसत. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवरील सायबर हल्ल्यात एक्सप्लोररमधील त्रुटी वापरली गेल्याचे उघड झाले. तेव्हा जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला. मार्च २०११ मध्ये तर सहावी आवृत्ती सोडून द्या, अशी मोहीम खुद्द मायक्रोसॉफ्टनेच हाती घेतली. अखेर १५ जून २०२२ रोजी एक्सप्लोरर निवृत्त झाला.

जुन्या ब्राउझरचा धोका काळाबरोबर वाढत जातो. त्रुटी दूर करणारी सुधारणा प्रसिद्ध झाली की तिच्या अभ्यासातून मूळ त्रुटी कोठे होती, हे हल्लेखोरांनाही कळते. ज्याने सुधारणा घेतली नाही, त्याचे दार उघडेच राहते. शिवाय सुरक्षिततेची नवी प्रमाणपत्रे जुन्या ब्राउझरला ओळखता येत नाहीत. त्यामुळे काही संकेतस्थळे उघडतच नाहीत.

ब्राउझर अद्ययावत राहणे संगणकाच्या कार्यप्रणालीवरही अवलंबून असते. ‘विंडोज ७’वर क्रोमची १०९वी आवृत्तीच शेवटची ठरली. म्हणून अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार टाळावेत. संकेतस्थळे चालवणाऱ्या संस्थांनीही एकाच ब्राउझरवर विसंबू नये. आज क्रोम आणि मायक्रोसॉफ्टचा ‘एज’ हे दोन्ही ‘क्रोमियम’ या एकाच पायावर उभे असल्याने ही दक्षता अधिकच गरजेची आहे.