शेवटची कधी घेतली?

आमच्या गावात दारू सोडायची एकच रीत होती. सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी, महाराजांच्या हातून गळ्यात तुळशीची माळ घालून घ्यायची. त्या रीतीला मी नावं ठेवणार नाही. माझ्या आजोबांच्या बरोबरीची चार-पाच माणसं त्या माळेनं सावरलेली मी बघितलीत. माळ घातली की पहाटे काकड्याला बोलवायला कुणीतरी दाराशी यायचं, एकादशीला कुणीतरी फराळाचं विचारायचं, आषाढीला दिंडीत शेजारी कुणीतरी चालायचं. पुढं नोकरीत 'फॉलोअप' हा शब्द शिकलो तेव्हा मला आधी हेच आठवलं.

१९८७च्या सप्ताहात माझ्या चुलत चुलत्यांनी, नानांनी माळ घातली. पंधरा वर्षं हातभट्टी पिणारा माणूस. नवसागर आणि सडका गूळ टाकून काढलेली ती भट्टी त्यांना सकाळी तोंड धुवायच्या आधी लागायची. काकूनं सगळ्या आळीत पेढे वाटले. मी तेव्हा आमच्याच भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्य सेवक होतो. हिवतापाचे रक्तनमुने घ्यायचे, विहिरीत टीसीएल टाकायची, नसबंदीचा आकडा पुरा करायचा, एवढं माझं वैद्यकीय ज्ञान. पण भावकीत मी 'दवाखान्यातला' होतो.

पहिल्या दिवशी नानांचे हात थरथरायला लागले. चहाची कपबशी वाजायची. मी म्हणालो, अशक्तपणा आहे, दूध द्या. दुसऱ्या दिवशी सांजच्याला त्यांना आचका आला. दात बसले. कुणी कांदा फोडून हुंगवला, कुणी चप्पल नाकाला लावली. तिसऱ्या दिवशी ते भिंतीवरच्या मुंग्या झटकायला लागले. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. कोपऱ्यात साप दिसायचा. मधूनच हातात कासरा असल्यासारखं बैलांना हाका मारायचे. अंगाला चटका बसावा असा ताप, आणि घामानं वाकळ भिजलेली.

"लेकरा, हे बाहेरचं हाय," काकू म्हणाली. देवर्षी आणला. मी तिथंच होतो, काही बोललो नाही, कारण मला दुसरं काही माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे नाना गेले.

मातीला आलेल्या लोकांत एक वाक्य फिरत होतं. "दारूनं पंधरा वर्षांत मारलं न्हाई, माळंनं चार दिवसांत मारलं." त्या सप्ताहानंतर काही वर्षं आमच्या गावात कुणी माळ घातली नाही.

पुढं सहा वर्षांनी मला पुण्याला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. खरं तर नाव दुसऱ्याचं होतं, त्याच्या घरी लग्न निघालं म्हणून मी गेलो. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांनी कंप, घाम, मळमळ. साधारण पहिल्या दोन दिवसांत आचक्यांचा धोका. दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, ताप. डिलिरियम ट्रेमेन्स. उपचार झाला नाही तर माणूस दगावू शकतो. मी वहीत उतरवत होतो, आणि तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. फळ्यावर नानाच लिहिलेले होते, तासांच्या हिशेबानं.

बाई पुढं सांगत होत्या. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दाब एकदम काढला की तो उसळतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली लिब्रियम किंवा डायझेपामसारखी गोळी द्यायची आणि हळूहळू उतरवायची. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आधी, ग्लुकोजची सलाईन नंतर. उलट केलं तर उपाशी दारुड्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्याकडं तर कोणत्याही आजारावर पहिली मागणी सलाईनचीच. आणि सगळ्यांच्या आधी विचारायचा प्रश्न एकच: शेवटची कधी घेतली? किती पितो, का पितो, हे मागाहून.

हे शिकवणारी माणसं तरी कुठून आली, हे मला नंतर कळत गेलं. १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला. त्या सुमारास मुंबई-पुण्यात गर्द म्हणजे ब्राऊन शुगर पसरली होती. अनिल अवचटांनी गर्दवर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पुढं झाले, आणि २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. डॉ. अनिता अवचट म्हणजे सुनंदाताई ते चालवायच्या. व्यसनी माणसाला आरोपी न मानणं ही त्यांची रीत. बरे झालेले रुग्णच तिथं कार्यकर्ते झाले, आणि बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. पुढं बाहेरच्या संस्थांच्या लोकांनाही तिथं शिकवलं जाऊ लागलं. शहरातल्या पोरांच्या गर्दसाठी लावलेल्या झाडाची सावली अशी उशिरा का होईना खेड्यातल्या हातभट्टीपर्यंत आली. तोवर आमच्याकडं किती नाना गेले, त्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते महाराजांना भेटण्याचं. म्हातारा मोठ्या मनाचा निघाला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आधी तुझी गोळी, मग माझी माळ." तसा क्रम ठरला. माळ घालायची त्याच्या आठ दिवस आधी माणूस माझ्याकडं यायचा, मी त्याला घेऊन सिव्हिलला जायचो. तो क्रम कुठल्या पुस्तकात नाही, पण आमच्या भागात चालला.

बाकी पुष्कळ ठिकाणी मात्र शिकलेलं अडायचं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवा. खेड्यात? माझ्या दारात कुणाची मोटारसायकल उभी आहे हे पारावर मला आधी कळायचं. रुग्णाशी अंतर ठेवा म्हणाले. माझा रुग्ण माझा मेहुणा, त्याला भट्टी पुरवणारा माझ्या बांधाला बांध लागलेला. शहरातला समुपदेशक पाचला दार लावून घरी जातो. मला लग्नाच्या पंगतीत लोक विचारायचे, "तुमच्या त्या पेशंटनं परत घेतली म्हणं?" आणि तो माणूस तीन पानं सोडून जेवत असायचा.

बायकांचं दुःख वेगळं. एका वैनीनं कुठल्याशा जाहिरातीतली 'चहातून नकळत द्यायची' पावडर नवऱ्याला घातली. रात्री तो पिऊन आला आणि तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, ओकारी. पावडरीत काय होतं ते कळलं नाही, पण लक्षणं डायसल्फिरामसारखी होती. त्या औषधावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. माणूस वाचला. वैनी माझ्यापुढं रडत म्हणाली, "भाऊजी, त्याला सांगून दिलं तर तो घेईल का?" या प्रश्नाला माझ्या वहीत उत्तर नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. तालुक्याला एका खासगी केंद्रात एक समुपदेशक आला. स्वतः दारूतून बाहेर आलेला, सात वर्षं एक थेंब नाही. त्याच्याइतकं काम करणारा माणूस मी बघितला नाही. दारुड्याला बघताच ओळखायचा की हा खोटं कुठं बोलतोय, कारण ती सगळी खोटी तो स्वतः बोललेला. पण त्याचा स्वतःचा गट, ज्यांच्यात बसून तो सुधारला ते लोक, शहरात राहिले. अल्कोहोलिक्स अनॉनिमसची मूळ गोष्टच मुळी अशी की १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक दारू सोडलेला माणूस मोह झाला म्हणून दुसऱ्या दारुड्याला शोधत गेला. एकट्यानं धीर धरवत नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही मात्र या माणसाला तालुक्यात एकट्याला बसवला. वर दोन-तीन महिने पगार थकलेला. दिवसाला दहा-बारा घरांचं रडणं ऐकायचं आणि रात्री खोलीवर एकट्यानं भात लावायचा. वर्षातून एकदा तपासणीला कुणी यायचं, रजिस्टर बघून जायचं. त्यांनी रुग्णांचे आकडे विचारले. मीही भेटलो की रुग्णांचंच बोलायचो.

२००९च्या पावसाळ्यात कळलं की त्याला कामावरून काढलं. पिऊन आला म्हणून. मी पाचव्या दिवशी त्याच्या खोलीवर गेलो, हे कबूल केलं पाहिजे. पाचव्या दिवशी. दार लोटलं तर तो भिंतीला टेकून बसलेला, हात मांड्यांखाली दाबून धरलेले.

"शेवटची कधी घेतली?" मी विचारलं.

तो हसला. "दादा, हा प्रश्न मीच तुम्हाला घोकून घेतला होता." मग म्हणाला, "काल रात्री अकराला. आता सोडायची म्हणून बसलोय."

सकाळचे नऊ वाजले होते. दहा तास. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मी पेन्सिलीनं 'रा. ११' लिहिलं आणि त्यापुढचे तीन दिवस खुणा केल्या. दुपारच्या आत त्याला जीपमधून सिव्हिलला भरती केला. आठ दिवस त्याच्या उशाला मी आणि, सांगितलं तर खोटं वाटेल, आमचे महाराज आळीपाळीनं बसलो.

तेव्हापासून शुक्रवारी रात्री नऊला आम्ही फोन करतो. आधी दोघं होतो, मग शेजारच्या तालुक्यातली एक नर्सबाई आली, मग दोन आशाताई. पुढं गोव्यातल्या प्रयोगाबद्दल वाचलं. 'संगाथ' संस्थेनं मानसोपचाराचं शिक्षण नसलेली स्थानिक माणसं घेऊन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारू पिणाऱ्या पुरुषांना समुपदेशन दिलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. लॅन्सेटमध्ये ते छापून आलं. मला आकड्यांपेक्षा त्यांची एक पद्धत आवडली. ही माणसं आपल्या बैठका ध्वनिमुद्रित करून, एकत्र बसून ऐकायची आणि एकमेकांना गुण द्यायची. चूक दाखवणारा वरून आलेला साहेब नाही, तर तेच काम करणारा शेजारी. आम्ही ध्वनिमुद्रण करत नाही, आमच्याकडं लोक मोबाईल बघितला की गप्प होतात. पण शुक्रवारी प्रत्येकानं आठवड्यातली एक चूक सांगायची, हे तेव्हापासून ठरलं. गडचिरोलीत २०१६पासून 'मुक्तिपथ' तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावात शिबिरं चालवतं, हे वाचलं तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "त्यांच्या माणसांना शुक्रवार आहे का, विचारा की."

मी आता निवृत्त आहे. मागच्या शुक्रवारी पाऊस होता, रेंज जात-येत होती. नर्सबाईंनी त्यांची चूक सांगितली, एका पोराला सगळ्यांसमोर रागावल्या होत्या. तो शेवटी बोलला. म्हणाला, एका घरी परत ती चहातली पावडर सापडली, बाईला समजवायला दोन तास गेले, आणि तिथून निघाल्यावर देशीच्या दुकानासमोर गाडीचा वेग आपोआप कमी झाला.

"मग?" आशाताईंनी विचारलं.

"मग गाडी बाजूला घेऊन दादांना फोन लावला. दादा उचलेनात."

माझा फोन चार्जिंगला होता, आतल्या खोलीत. तेवढी माझी त्या आठवड्याची चूक मी सांगितली.